पल्सर १५० नंतर जुनी हिमालयन ४११ घ्यावी की जुनी डॉमिनार ४००?

तुम्ही दिलेली माहिती अशी: राहायला पुण्यात, मागे बायको, वर्षातून दोन-तीनदा कोकण-गोवा आणि कधीतरी एकदा स्पिती. समोर २०१९ ची बीएस४ हिमालयन (४१,००० किमी) आणि २०२० ची बीएस६ डॉमिनार (२८,००० किमी), किंमत जवळपास सारखीच.

मी डॉमिनार घेईन. स्पिती एकदाच आहे, हायवे दर वेळी आहे.

हिमालयनचं इंजिन लाँग-स्ट्रोक आहे, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीपेक्षा (बोअर) पिस्टनची धाव (स्ट्रोक) जास्त: ७८ मिमी बोअर आणि ८६ मिमी स्ट्रोक. ३२ एनएम टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे घाटात सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पण ताकद साडेचोवीस बीएचपी आणि गिअर पाच. दोघं आणि सामान घेऊन नव्वदच्या वर गेलात की ओव्हरटेकला दम उरत नाही. डॉमिनार ८९ बाय ६० ची, ४० पीएस, सहा गिअर. शंभरला ती निवांत असते. मात्र तीन हजार आरपीएमच्या खाली ती धक्के देते. पल्सरच्या सवयीने लवकर वरचा गिअर टाकलात तर चेन खडखडेल, आणि दोष गाडीचा वाटेल.

हिमालयनची बाजूही खरी आहे. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, डॉमिनारचा १५७. पुढचं २१ इंची चाक खड्डा गिळतं, टाकीही १५ लिटरची (डॉमिनारची १३). स्पितीला मनालीकडून, ग्राम्फू-बातल बाजूने, नाले ओलांडत जायचं असेल तर फरक जाणवेल. शिमला-किन्नौरकडून काझाला गेलात तर डॉमिनार पुरते. पंक्चरचं उलट आहे: हिमालयनला ट्यूब, म्हणजे चाक काढणं आलं. डॉमिनार ट्यूबलेस, भोकात खुपसायची रबरी स्ट्रिप आणि पंप जवळ असला की दहा मिनिटांचं काम. आंबोलीत पावसात पंक्चर झाली की हे पटतं.

आता गाडी बघताना. आधी सांगून ठेवा की इंजिन थंड हवं, आणि पोचल्यावर क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या खोक्याला) हात लावा. कोमट लागली तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी या.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, दोन्ही गाड्यांचा कच्चा दुवा आहे. हिमालयन सेंटर स्टँडवर घ्या आणि मागे कुणाला तरी भार द्यायला सांगा. डॉमिनारला सेंटर स्टँड नाही, एकाने ती साइड स्टँडवर तिरकी धरावी लागेल. पुढचं चाक अधांतरी असताना हँडल अगदी हळू फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं. फोर्क (पुढचे शॉक) खालून धरून पुढे-मागे ओढा. 'टक' आवाज म्हणजे प्ले, बेअरिंग सैल आहे. एवढ्यासाठी गाडी सोडू नका, खर्च किमतीतून वजा करा. ४१,००० किमीच्या हिमालयनला कोनसेट बदलल्याचं बिल नसेल तर ते काम तुमच्या वाट्याला आहे असंच धरा.

फोर्कचं वेगळं बघावं लागतं. हिमालयनच्या फोर्कवरची रबरी आवरणं (गेटर) वर सरकवून आत गंज किंवा तेल आहे का पाहा. डॉमिनारचा फोर्क यूएसडी (उलटा बसवलेला), म्हणजे तेल अडवणारे सील खाली असतात. गळती झाली की तेल थेट ब्रेकच्या कॅलिपर आणि पॅडवर उतरतं. तेल पिलेले पॅड धुऊन वाचत नाहीत, बदलावेच लागतात.

डॉमिनारमध्ये कूलंटकडे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे) लक्ष द्या. रंग गढूळ तांबूस असेल तर दुर्लक्ष झालंय. इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी तेलात मिसळतंय, तिथूनच परत फिरा. रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत गाडी उभी चालू ठेवा. इंजिन तापत चाललंय आणि फॅन गप्प, तर वायरिंग किंवा सेन्सर. हिमालयनमध्ये टॅपेटची (व्हॉल्व्हच्या भागांची) हलकी टिकटिक चालते, खोल ठोका चालत नाही. पान्याने एकेक स्पोक वाजवा, सैल स्पोक बद्द वाजतो. स्टिअरिंग हेडजवळचे आणि मागच्या कॅरिअरखालचे वेल्ड बॅटरी मारून बघा. सामान लादून फिरलेल्या गाडीत तडा तिथेच दिसतो.

चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बोटाने ओढा, अर्धा दात दिसला तर पूर्ण किट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदला, नुसती चेन नाही. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी काढाच. २८,००० किमी दाखवणाऱ्या गाडीचे फूटरेस्टचे रबर अगदीच गुळगुळीत असतील तर सर्व्हिस नोंदी मागा.

कोणतीही घेतलीत तरी वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. २०२० च्या डॉमिनारवर उंच काच आणि बॅकरेस्ट नसेल. बायकोसाठी बॅकरेस्ट पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

कागदांत परिवहनच्या साइटवर ई-चलान आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी असेल तर आरटीओच्या एनओसीचा फॉर्म २८ सुद्धा. नवीन घेताना काढलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा संपला असणार, चालू पॉलिसी मागा. हिमालयन १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेली असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवून घेण्याचं काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या.