मायोकार्डायटिसमध्ये मोठ्या माणसाला आयव्हीआयजी द्यावंच लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ ३१ वर्षांचा, व्हायरल तापानंतर हार्टच्या मसलला सूज आली (म्हणजेच मायोकार्डायटिस), ईएफ (हार्ट दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २५ वर आलाय, डॉक्टर म्हणतात आयव्हीआयजी देऊन बघू, खर्च लाखांत जाईल, तर दागिने मोडून द्यावं का. मी डॉक्टर नाही, कार्डियाक आयसीयूत स्टाफ नर्स आहे, पण हे औषध स्वतःच्या हातानं लावलंय म्हणून लिहिते.

दागिने मोडायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारा की याच्या केसमध्ये हे नेमकं कशासाठी देताय. आयव्हीआयजी म्हणजे हजारो लोकांच्या प्लाझ्मामधून (रक्तातल्या पातळ भागातून) काढलेल्या अँटिबॉडीज, त्यानं सूज शांत होईल अशी कल्पना. लहान मुलांमध्ये १९९४ ला रिझल्ट चांगले दिसले होते पण तुलना आधीच्या वर्षांत हे औषध न मिळालेल्या मुलांशी होती, म्हणून पुरावा कच्चा. मग अमेरिकेत मोठ्या माणसांवर नीट ट्रायल झाली, २००१ ला छापून आली, ६२ पेशंट, काहींना खरं औषध, काहींना नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं नकली द्रावण). सरासरी ईएफ २५ वरून ६ महिन्यांत ४१ वर गेला, पण दोन्हीकडे जवळपास सारखाच! म्हणजे नेहमीच्या हार्ट फेल्युअरच्या गोळ्या आणि विश्रांती यावरच बरेच जण सुधारले. हां, त्यातल्या थोड्याच जणांच्या बायोप्सीत (हार्टचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सूज सापडली होती, त्यामुळे कुणालाच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, पण सरसकट प्रत्येकाला द्यावं असा पुरावा नाहीये.

आणि हे नुसतं महागडं पाणी नाही. त्या ट्रायलमधला डोस किलोमागे २ ग्रॅम होता, भाऊ ६० किलोचा धरला तर १२० ग्रॅम, ५ टक्क्यांचं सोल्युशन असेल तर २४०० एमएल, आणि हे सगळं अशा हार्टमध्ये ज्याला आधीच पंप करायला जमत नाहीये. म्हणून आम्ही अगदी हळू सुरू करतो, बाटली हलवत नाही (फेस येतो), सुरुवातीला दर १५ मिनिटांनी बीपी पल्स बघतो, थंडी वाजली की औषधाचा पंप बंद. एका काकांना रात्री २ वाजता धाप लागली, बेडवर सरळ बसवून लॅसिक्स (लघवीवाटे जादा पाणी काढणारं औषध) द्यावं लागलं, त्यांच्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. डोकं प्रचंड दुखणं, किडनीला त्रास, रक्ताची गुठळी हेही होऊ शकतं.

तर उद्या राउंडला विचारा: हार्टचा एमआरआय झालाय का, बायोप्सीची गरज आहे का (जायंट सेल, म्हणजे या सुजेचा दुर्मिळ पण झपाट्यानं वाढणारा प्रकार, निघाला तर ट्रीटमेंट वेगळी असते, स्टेरॉइड आणि इम्युनिटी दाबणारी औषधं, आणि तिथे उशीर अजिबात परवडत नाही), आणि इतकं फ्लुइड त्याला झेपेल का. बीपी पडत असेल, लघवी कमी होत असेल तर माझ्या मते पैसे आयव्हीआयजीपेक्षा हार्ट ट्रान्सप्लांट आणि एक्मोची (हार्ट-फुप्फुसाचं काम तात्पुरतं करणाऱ्या मशीनची) सोय असलेल्या ठिकाणी वेळेत हलवण्यासाठी हाताशी ठेवा. तो स्टेबल असेल तर उत्तर ऐकून घ्यायला एक दिवस नक्की आहे तुमच्याकडे. घरी आल्यावर ३ ते ६ महिने जिम, क्रिकेट, जड उचलणं बंद, बरं वाटलं तरी, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा इको परत करून घ्या. एमआरआयचा रिपोर्ट आला की इथेच खाली लिहा, त्यातले शब्द समजावून सांगते.