कापडाची ताणशक्ती मोजताना: पट्टी कापण्यापासून सुरुवात

आकडे जुळत नाहीत म्हणून आधी यंत्रावर शंका घेऊ नका. बहुतेक वेळा दोष नमुन्यात असतो. ताण्याच्या (कापडाच्या लांबीतले उभे धागे) दिशेने 5 आणि बाण्याच्या (रुंदीतले आडवे धागे) दिशेने 5 पट्ट्या घ्या, काठापासून 150 मिमी सोडून. ताण्याच्या कोणत्याही दोन पट्ट्यांत तेच धागे येता कामा नयेत, म्हणून त्या तिरक्या पायऱ्यांसारख्या आखा. एकामागे एक एकाच रांगेत कापल्या तर पाचही वेळा तेच धागे तपासले जातात. पट्टी 60 मिमी रुंद कापा आणि दोन्ही कडांचे धागे सारख्या प्रमाणात ओढून काढून नेमकी 50 मिमी करा. थेट 50 मिमी कापली तर कडेचे अर्धवट धागे निसटतात आणि ताकद कमी दिसते.

मग नमुने 27° से., 65% आर्द्रतेत किमान 24 तास ठेवा. कापड ओलसर असेल तर आधी 50°च्या आत सुकवा. ओल्या अवस्थेतून सुकत आलेला कापूस त्याच हवेत जास्त पाणी धरून ठेवतो, आणि ओला कापूस अधिक मजबूत असतो. व्हिस्कोजचं (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) उलट: भिजल्यावर त्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरते.

यंत्राच्या जबड्यांतलं (पट्टी धरणाऱ्या पकडींतलं) अंतर 200 मिमी, वेग मिनिटाला 100 मिमी. 200 ग्रॅम प्रति चौ.मी.पर्यंतच्या कापडाला 2 न्यूटन पूर्वताण (चाचणीआधी पट्टी सरळ करणारा हलका ताण) पुरतो. पट्टी जबड्यापासून 5 मिमीच्या आत तुटली तर तशी वेगळी नोंद करा. वारंवार होत असेल तर पकडीचा दाब आणि जबड्याची धार तपासा.