दामाजीच्या गावाकडची आमची आज्जी

शेतकरी घरातल्या देवभक्त आजीचं आयुष्य कसं असायचं, दिवसभर पूजाअर्चाच का, असं विचारलंय तुम्ही. माझी आज्जी मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यातली, आणि पूजेला तिला वेळच नसायचा खरं तर, देवापुढं दिवा लावला की म्हातारी रानात. पण गळ्यात तुळशीची माळ आणि महिन्याची वारी. पंढरपूर तिथनं पंचवीसेक किलोमीटर, दशमीला भाकरी बांधून चालत निघायची, एकादशीला चंद्रभागेत अंघोळ, रांग लांब असली की नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, कळस बघायचा आणि बारशीला घरी, कारण कोळपणी कुणासाठी थांबत नाही.

आमच्याकडं काळं रान, रब्बीची मालदांडी ज्वारी, पाण्याशिवाय नुसत्या ओलीवर आणि थंडीवर येणारी (आता हिला जीआय, म्हणजे त्या त्या भागाच्या खास मालाला मिळणारं मानांकन, पण मिळालंय, आज्जीला सांगितलं असतं तर म्हणाली असती भाव किती वाढला ते सांग).

1972 चा दुष्काळ तिनं काढला. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांना आणायची, आणि घरात रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली ज्वारी, जिची भाकरी धड थापता पण येत नव्हती म्हणे. पण उतरंडीच्या तळाच्या मडक्यात राखेत कालवून, तोंड शेणमातीनं लिंपून ठेवलेलं बी होतं, त्याला तिनं हात लावू दिला नाही, सासऱ्यालाही नाही! पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा तेच पेरलं.

आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं आणि विठ्ठलानं विठू महार होऊन बिदरला जाऊन पैसे भरले. कीर्तनात सगळे विठ्ठलाच्या भागाला डोळे पुसायचे. आज्जीचं म्हणणं वेगळंच, "इठ्ठलानं पैसं भरलं ते मागनं रं, कोठार आदी दामाजीनं उघडलं न्हवं का." मला विचाराल तर तिची सगळी भक्ती या एका वाक्यात आली. म्हणून खळ्यावर रास झाली की घरात पोतं जायच्या आधी एक पायली दामाजीच्या देवळाला आणि मागायला आलेल्या कुणालाही सुपानं, पसा मोजून नाही.

फार गोड वगैरे नव्हती हं, सुनांना तिनं बरंच छळलंय, आई अजून सांगते. आणि एवढं राबून सातबाऱ्यावर नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून.

आता बोअर झालं, डाळिंब आलं, मालदांडी घरच्या खाण्यापुरती एका तुकड्यात. पायली द्यायची पद्धत चुलत्यानं चालू ठेवलीय, फक्त ज्वारीऐवजी तो फोनपे करतो. आज्जीला ते अजिबात चाललं नसतं, तिनं त्याला सूप घेऊन परत पाठवला असता.