वर्तुळातला आकडा बघा

ठाण्यातल्या बाळकुमच्या आजोबांच्या घराचे कागद शोधताय ना, मग घरपट्टीच्या पावतीपाशी थांबू नका दादा. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं होत नाही.

आधी जागेचा नंबर पक्का करा. जिथे सिटी सर्व्हे झालाय तिथे नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक मिळतं, बाकी ठिकाणी सहसा सातबारा. आजचा उतारा नुसता उंबरठा आहे. खरी गोष्ट जुन्या, हस्तलिखित सातबाऱ्यात सापडते. त्यावर नावाजवळ वर्तुळात एक आकडा दिसेल, तो फेरफार क्रमांक, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव. प्रत्येक वर्तुळाचा फेरफार काढा आणि एकेक पायरी मागे जा. नाव का चढलं, का उतरलं, वारसाने, खरेदीने की वाटणीने, ते तिथेच कळतं.

आमच्या उताऱ्यावर मोठ्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ होतं. मी दोन महिने ते आडनावाचं आद्याक्षर समजत होतो! ती होती एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची खूण, म्हणजे जमीन एकट्या काकांची नव्हती. आत्यांचा हिस्सा त्या तीन अक्षरांत होता.

शेतजमीन असेल तर ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा, कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव तिथे असतं. १ एप्रिल १९५७ हा कूळ कायद्यातला कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली; त्याच्या आसपासचे फेरफार तर सोडूच नका. खरेदीखतासाठी दुय्यम निबंधकाकडे सूची दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची यादी, बघा.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांकडे आजच जाऊन बसा. शेताची जुनी नावं त्यांनाच ठाऊक असतात.