जुन्या अमेरिकी गोधडीचे वय

प्रश्न : ओहायोत राहणाऱ्या माझ्या आत्याने तिथल्या जुन्या बाजारात घेतलेली, हाती शिवलेली गोधडी आम्हाला दिली आहे. तिच्यावर षट्कोनी तुकड्यांची फुले असून भोवती फिकट हिरवे कापड आहे. काही तपकिरी तुकडे विरले आहेत. उजेडात धरली की आतल्या कापसात काळे ठिपके दिसतात, म्हणून ती दोनशे वर्षांपूर्वीची असल्याचे विक्रेत्याने सांगितले. हे खरे मानावे का? ती धुवावी का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ठिपक्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र 1793 चे, म्हणून सरकीचे कण असलेली गोधडी त्याआधीची, असा हा समज अमेरिकेतही फार पसरलेला आहे. परंतु हलक्या प्रतीच्या कापसात जिनिंगनंतरही कचरा राहतो, हे सोलापूरकरांना निराळे सांगायला नको.

नक्षीवरूनही वय ठरत नाही. षट्कोनी तुकड्यांचा नमुना अमेरिकेत 1835 मध्येच एका महिला मासिकाने छापला होता, आणि 'ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन' या नावाने तो सर्वाधिक लोकप्रिय झाला तो 1920 ते 1940 या काळात. खरा पुरावा कापडात असतो, आणि गोधडीतील सर्वांत नवा तुकडा ज्या काळातला, त्याआधीची ती असूच शकत नाही, हा यातला मुख्य नियम आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक तपकिरी रंगांत लोहाचे क्षार असत व ते सूत कुजवत. त्यामुळे छापील चिटात तपकिरी ठिपका तेवढा गळून पडतो आणि भोवतीचे कापड शाबूत राहते. तुमचे विरलेले तुकडे असे दिसत असतील, तर ते घरात जपलेल्या जुन्या कापडाचे असावेत. फिकट हिरवा मात्र 1930 च्या दशकातील अमेरिकी गोधड्यांचा अत्यंत आवडता रंग होता, म्हणून माझ्या मते शिवण त्याच सुमाराची आहे. अस्तर उलटून पाहावे : त्या मंदीच्या काळात पिठाच्या व पशुखाद्याच्या पिशव्या उसवून वापरत, आणि उसवलेल्या टाक्यांच्या छिद्रांची सरळ रांग कापडावर पुष्कळदा राहून जाते. काठाच्या गोटावर विसंबू नये, कारण तो आधी झिजतो आणि पुढे बदलला जातो.

धुणे टाळावे. भिजलेल्या कापसाच्या भाराने विरलेले सूत तुटते, आणि जुना लाल रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरू शकतो. स्वच्छ धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकची पिशवी व लाकडी पेटीचा थेट स्पर्श नको, डांबरगोळ्याही कापडाला लागू देऊ नयेत. दर काही महिन्यांनी घडी वेगळ्या रेषेवर घालावी. ऊन देण्याची आपली सवय इथे घातक आहे, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात रंग झपाट्याने उडेल.

आत्याकडून खरेदीचे गाव, वर्ष आणि मूळ घराण्याविषयी कळलेली माहिती आताच लिहून घ्यावी. पुढे संग्राहक किंमत ठरवताना कापडाच्या स्थितीबरोबर हीच माहिती विचारतात.