अमेरिकेत मोकाट घोड्यांसाठी वेगळा कायदा कशाला केलाय?

भाऊ, आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घेणारा आधी घोड्याचा जबडा उघडून दात बघतो, मग चाल, मग भाव, तिथे प्रत्येक घोड्याला मालक असतो. अमेरिकेतल्या मस्टँग नावाच्या या मोकाट घोड्यांना मालकच नाही, स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचे ते वंशज, सुटून रानात वाढलेले. पूर्वी विमानानं पिटाळून, ट्रकात कोंबून कापायला न्यायचे, कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी! त्यावर नेवाडाच्या वेल्मा जॉन्स्टन बाईंनी रान उठवलं, शाळकरी पोरांनी ढीगभर पत्रं धाडली, मग १९७१ ला कायदा झाला, त्यात या घोड्यांना अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या इतिहासाचं जिवंत प्रतीक म्हटलंय. पण प्रतीक असलं तरी चारा लागतोच ना, कळप वाढले की सरकारच हेलिकॉप्टरनं हाकून पकडतं, काही दत्तक देतं, काही माद्यांना गर्भनिरोधक इंजेक्शन. मला तरी इंजेक्शनवालं बरं वाटतं, निदान घोडा रानातच राहतो.