काचेला हलायला जागा ठेवा

प्रश्न : काका, नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या शेडमध्ये आम्ही दोघं मित्र किटवरून दोन सीटचं विमान बांधतोय. विंडशील्ड बसवलं, बाहेरून एपॉक्सीत (दोन भाग कालवले की कडक होणारं रेझिन) फायबरग्लासची पट्टी चढवून घासून गुळगुळीत केली. बाहेरून दृष्ट लागेल असं दिसतं. आत बसलं की मात्र ॲक्रिलिकमधून, म्हणजे विंडशील्डच्या प्लास्टिकच्या काचेतून, त्या पट्टीची पांढरी उलटी बाजू, कापडाची वीण, बुडबुडे, सगळं दिसतं. शिवाय काच आणि डॅशवरचा पत्रा यांच्यात कुठे दोन, कुठे चार मिलिमीटरची फट आहे. कारच्या सीट कव्हरवाला म्हणतो, रेक्झिन चिकटवून देतो, एका दुपारचं काम. मेहुणा म्हणतो, काळं सिलिकॉन भर आणि मोकळा हो. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी त्या सीट कव्हरवाल्याला शेडबाहेर नेऊन चहा पाजा. माणूस वाईट नाही, त्याच्या हातातला पिवळा गम वाईट. त्यातलं सॉल्व्हंट ॲक्रिलिकला खातं. त्या दिवशी काहीच दिसत नाही, मग कधीतरी उन्हाकडे तोंड करून बसावं तर काचेत केसासारख्या रेघांची जाळी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एअरफ्रेम फिटर म्हणून नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी कॅनपीवरचा, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरचा, रंगाचा ठिपका मी थिनरच्या बोळ्याने पुसला होता. ठिपका गेला आणि मागून कॅनपीही गेली. साहेब एका शब्दाने बोलले नाहीत. ती बाद कॅनपी महिनाभर माझ्या वर्कबेंचशेजारी ठेवून दिली, बस्स. तेव्हापासून थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे, यातलं काही मी ॲक्रिलिकजवळ येऊ देत नाही.

मेहुण्याचं सिलिकॉनही नको. व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते ॲसिड सुटत असतं आणि ॲल्युमिनियमला गंजवतं. शिवाय सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही. आणि हो, पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं म्हणून आणू नका. त्यातलं स्टायरीनही ॲक्रिलिकवर जातं. आतही एपॉक्सीच.

आता फटीचं. ती तुमची चूक समजून दगडासारखी घट्ट बुजवू नका. तापमान एक अंशाने वाढलं की मीटरभर ॲक्रिलिक साधारण ७० मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम २३. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे १० अंश, मे महिन्याच्या दुपारी ४५. म्हणजे मीटरभर रुंदीत काच पत्र्यापेक्षा दीड मिलिमीटरच्या वर जास्त पसरते. बंद शेडच्या टिनाखाली किती, ते तुम्हीच मोजा. बरेच जण तिथे एपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पूड) कालवून जाड, कडक गोलाई भरतात. दिसते देखणी. मी भरत नाही. मला तिथे रबरासारखं ताणलं जाणारं काही हवं.

तर असं करा. पायलटच्या सीटवर तुम्ही बसा, टेप मित्राला काचेच्या आतल्या बाजूने लावू द्या, कारण रेघ बसलेल्या डोळ्याला सरळ दिसली पाहिजे. इलेक्ट्रिशियनची पीव्हीसी टेप वळणावर छान वळते. बाहेरच्या पट्टीच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा, म्हणजे पांढरं कुठूनच डोकावणार नाही. वरची सगळी काच झाका. टेपच्या खालचा भाग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून मंद करा. उघड्या कडेला खाच राहिली असेल तर तीही आत्ताच घासून काढा, कारण तडा खाचेतून सुरू होतो. मग एपॉक्सीत काळा पिगमेंट, वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत, मिसळून ब्रशने पातळ हात द्या. रेझिन पूर्ण कडक होण्याआधी, अजून चिवट असतानाच टेप ओढा. वाळल्यावर ओढली तर कड दातेरी होते आणि मग माझ्या नावाने शिव्या.

हे काम सकाळी सहाला करा, बाप्पा. दहा अंश वाढले की रेझिन घट्ट व्हायचा वेळ जवळपास निम्मा होतो. दुपारी कपात कालवलेलं रेझिन हातातच तापून धूर सोडायला लागतं. थोडं थोडं कालवा आणि उथळ ताटलीत पसरवून ठेवा.

फटीत प्लास्टिकच्या काचांसाठीच बनलेलं पॉलियुरेथेन सीलंट भरा, सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही असतं तसं. त्याच कंपनीचा प्रायमर, आणि तोही फक्त जिथे सीलंट बसणार तेवढ्याच पट्ट्यावर.

आता सीट कव्हरवाल्याला परत बोलवा. काचेखालच्या डॅशसाठी पातळ पत्र्याचं वेगळं झाकण कापा आणि ते घेऊन त्याच्या दुकानात जा. तिथे त्याला हवा तो गम लावू दे. कापड मात्र काळं आणि मॅट. चकचकीत रेक्झिन किंवा फिकट रंग घेतला तर नागपूरच्या उन्हात अख्खा डॅश काचेत उमटेल आणि तुम्ही धावपट्टीऐवजी शिलाई बघत उतराल. झाकण चार दिवस उघड्यावर ठेवा, गमाचा वास पूर्ण गेला की स्क्रूने बसवा. काचेपासून तीन मिलिमीटर लांब. तुमच्याकडच्या कडेला जाड रबर बीडिंग चढवा. आदळआपट झाली तर कपाळ तिथेच जातं आणि उघडा पत्रा सुरीच असतो.

प्रश्न : बाजूच्या खिडक्यांना ॲक्रिलिकऐवजी पॉलिकार्बोनेट चालेल का? हातोड्याने फुटत नाही म्हणतात.

उत्तर : फुटत नाही हे खरं. पण ओरखडे लवकर पडतात, आणि पेट्रोलचा ओला हात लागला की तडकायला लागतं. टाकीचं तोंड खिडकीजवळ असेल तर नकोच. पुसायचं दोन्ही एकाच पद्धतीने. अंगठी काढा, भरपूर पाणी ओतत उघड्या तळहाताने धूळ उतरवा, मग सौम्य साबण आणि जुनं सुती बनियन. कोरड्या फडक्याने पुसणारा माणूस हँगरमध्ये दिसला की मला अजून ती बाद कॅनपी आठवते.